मानवी पेशीतील प्राचीन विषाणूंचे अवशेष : एका कल्पनेचा इतिहास

१९११ साली न्यूयॉर्क येथे पेटन राउस यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा पेशीविरहित अर्क निरोगी कोंबड्यांना टोचला, तेव्हा त्यांनाही तोच रोग जडला. हा विषाणू पेशीत शिरून नेमके काय करतो, याचा उलगडा व्हावयास १९७० साल उजाडले. त्या वर्षी हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी, आरएनएवरून डीएनए घडविणारे विकर अशा विषाणूंत असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध केले. आपली प्रत यजमानाच्या डीएनएमध्ये गुंफणे, हा या कुळाचा धर्मच होय. ही गुंफण बीजपेशीत झाली, तर ती वंशपरंपरेने पुढे चालते.

२००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याचा सुमारे ८ टक्के भाग अशा अवशेषांचा आढळला. प्रथिने घडविणारा भाग मात्र २ टक्क्यांहूनही कमी. बहुतेक अवशेष जीर्ण व मूक असल्याने त्यांची गणना अडगळीत होत असे.

या मताविरुद्धचा पुरावा २००० सालीच पुढे आला होता. वारेतील पेशींना परस्परांत विलीन करणारे 'सिन्सिटिन' हे प्रथिन मूळचे एका विषाणूचे आवरण-प्रथिन असल्याचे दिसून आले. उंदरात हेच कार्य करणारे जनुक निराळ्या विषाणूपासून आलेले आहे. ते काढून टाकताच भ्रूण गर्भातच दगावतात, असे २००९ साली आढळले. २०१६ साली सेड्रिक फेशोट व सहकाऱ्यांनी मानवी पेशींतून काही अवशेष कापून काढले, तेव्हा शेजारच्या प्रतिकारक जनुकाचे कार्य मंदावले. अवशेष प्रथिन न घडविताही जनुकांचे नियमन करतात, हे यावरून स्पष्ट झाले.

या अभ्यासाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले हरमीत मलिक पुढे अमेरिकेत या विषयाकडे वळले. २०१० साली मायकेल एमरमन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या लेखात प्राचीन विषाणूंच्या या अभ्यासाची मांडणी आढळते.

तथापि, एका टोकावरून दुसऱ्या टोकास जाणे युक्त नव्हे. 'बाजार' फारसीतून व 'चावी' पोर्तुगिजांकडून आली. आज ते शब्द मराठीत राबतात. परंतु जुन्या दप्तरांतील कित्येक फारसी शब्द केवळ कागदावरच उरले आहेत. शब्द कोठून आला, यावरून तो आज वापरात आहे की नाही, हे ठरत नाही. विषाणूंच्या अवशेषांचेही तसेच आहे. अवशेषाचे अस्तित्व हा त्याच्या कार्याचा पुरावा नव्हे. तो काढून टाकल्यावर पेशीचे काय बिघडते, हीच खरी कसोटी होय.