तारीख आणि तवारीख

मराठीत 'तारीख' म्हटले की डोळ्यांसमोर भिंतीवरचे कॅलेंडर येते. उर्दूत मात्र हाच शब्द दोन कामे करतो. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहायची ती तारीख आणि इतिहास नावाचा विषय, तोही तारीखच. मूळ अरबी शब्दातच हे दोन्ही अर्थ आहेत. 'तवारीख' हे त्याचेच अनेकवचन. दिवस आणि इतिहास यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या भाषेत मी शिकवतो. त्यामुळे असेल कदाचित, पण वेगवेगळ्या शतकांत एकाच तारखेला काय काय घडले हे ताडून पाहण्याची सवय मला लागली.

महाराष्ट्रातल्या शाळांना ही गोष्ट नवी नाही. शाळा मराठी असो की उर्दू, सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाले की 'दिनविशेष' वाचला जातो. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कुठली लढाई, कुठला शोध. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसाचा लिखित इतिहास हजारो वर्षांचा. तेव्हा प्रत्येक तारखेवर घटनांची गर्दी होणारच. दोन घटना एकाच दिवशी आल्या यात चमत्कार काही नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. या गर्दीतून फळ्यावर कोण चढतो आणि कोण बाहेर राहतो?

सातवीच्या एका मुलाने हा प्रश्न त्याच्या भाषेत विचारला होता. महिनाभराचे दिनविशेष वहीत उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "सर, इसमें अपना कोई नहीं?" मुलाच्या 'अपना' या शब्दावर वाद घालता येईल. गांधीजीही आपले आणि सावित्रीबाईही आपल्याच, हे त्याला समजावून सांगता येते, सांगितलेही पाहिजे. पण त्याच्या प्रश्नात जी टोचणी आहे ती खोटी नाही. तिचे उत्तर भाषणाने देता येत नाही, तारखेनेच द्यावे लागते.

१२ जानेवारी घ्या. राजमाता जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८, सिंदखेडराजा. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, कलकत्ता. हे दोन्ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत साजरे होतात आणि व्हायलाच हवेत. पण याच तारखेला, १९३१ साली, पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी देण्यात आले. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर सत्याग्रहाने पेटले होते आणि इंग्रज सरकारने तिथे मार्शल लॉ पुकारला होता. पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून या चौघांवर खटला चालवला गेला. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. 'गझनफर' म्हणजे सिंह. फासावर गेले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, तिथल्या मुलांना ही नावे पाठ आहेत. सोलापूरच्या वेशीबाहेर किती शाळांच्या फळ्यांवर १२ जानेवारीला हे नाव येते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. जिजाऊ आणि विवेकानंदांच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिल्याने त्यांचे काही कमी होत नाही. उलट चौघांची नावे एकत्र लिहिली की लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान असे सगळे सोलापूर त्या ओळीत येते.

आता आमच्या जिल्ह्याची एक तारीख. आमचे घोडेगाव नेवासा तालुक्यात, नगर-औरंगाबाद रस्त्यावर, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. इथून नगरचा भुईकोट किल्ला एसटीने तासाभराच्या अंतरावर. १८०३ मध्ये हे शहर आणि किल्ला दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होता. ८ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल आर्थर वेलस्ली कंपनीची फौज घेऊन नगरवर आला. शहराच्या पेठेला तट होता. आत शिंद्यांचे शिपाई होते, अरब सैनिक होते. इंग्रजांनी तोफांनी भिंत पाडण्याची वाट न बघता तटाला शिड्या लावल्या आणि त्याच दिवशी पेठ घेतली. वेलस्लीबरोबर असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने पुण्याला कळवले की हे इंग्रज अजब लोक आहेत, सकाळी आले, भिंत चढून गेले, आतल्यांना मारले आणि न्याहारीला परतले. पुढे किल्ल्यावर तोफा डागण्यात आल्या आणि १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली केला. वेलस्ली तिथून गोदावरी ओलांडून महिनाअखेर औरंगाबादला पोहोचला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. दख्खनमध्ये इंग्रजांचा पाय रोवला गेला तो असा.

आता १३९ वर्षे पुढे या. तारीख तीच, ८ ऑगस्ट, साल १९४२. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीने इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव मंजूर केला. अध्यक्षस्थानी होते मौलाना अबुल कलाम आझाद. 'क्विट इंडिया' ही दोन शब्दांची घोषणा सुचवली ती मुंबईचे महापौर युसूफ मेहेरअली यांनी. रात्री गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे'चा मंत्र दिला आणि ९ ऑगस्टची पहाट होते न होते तोच धरपकड सुरू झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. कार्यकारिणीच्या सदस्यांना खास गाडीने थेट नगरला आणून किल्ल्यात बंद केले. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपले शंकरराव देव आणि इतर. ज्या किल्ल्याच्या दिशेने ८ ऑगस्टला शिड्या आल्या होत्या, त्याच किल्ल्यात 'चले जाव' म्हणणारे ९ ऑगस्टला कैदी म्हणून आले.

हा योगायोगच. मुंबईत ठरावाची तारीख ठरवताना १८०३ ची आठवण कोणी ठेवली होती असे मानायला काही आधार नाही. मग या दोन तारखा शेजारी ठेवून हाती काय लागले? हाती लागला तो किल्ला. इंग्रजांनी तो एकदा जिंकला, मध्यंतरी पेशव्यांना दिला, १८१७ च्या पुणे तहाने पुन्हा घेतला आणि मग सोडलाच नाही. खंदक, जाड भिंती आणि शेजारी लष्करी छावणी यामुळे तो कैदी ठेवायला सोयीचा होता. म्हणून पुढाऱ्यांना कुठे ठेवायचे हा प्रश्न १९४२ मध्ये आला तेव्हा उत्तर तयार होते. दोन घटनांना जोडणारी कडी तारखेत नाही, त्या दगडी भिंतीत आहे. तारखेने आपल्याला फक्त तिथवर आणून सोडले. विद्यार्थ्यांना हेच शिकवायचे असते. तारीख जुळली म्हणून थांबायचे नाही, 'का?' असे विचारायचे.

या किल्ल्याने आपल्याला दोन ग्रंथही दिले. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिला. मौलानांनी 'गुबारे खातिर' इथेच लिहिले, पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही मित्राला लिहिलेली पत्रे. मौलाना आत असतानाच, ९ एप्रिल १९४३ रोजी, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांची अखेरची भेटही झाली नाही. त्या दुःखाचे पत्र याच भिंतींआड लिहिले गेले. उर्दू गद्यात मानाचे स्थान असलेले हे पुस्तक नगरच्या मातीत जन्मले, ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक उर्दू शाळेला अभिमानाने सांगता आली पाहिजे.

९ ऑगस्ट हा क्रांतिदिन. याच दिवशी १९२५ मध्ये काकोरीजवळ रेल्वेतला सरकारी खजिना लुटला गेला. त्यात रामप्रसाद बिस्मिल यांच्याबरोबर अशफाकउल्ला खान होते. दोघांनाही १९ डिसेंबर १९२७ रोजी फाशी झाली, बिस्मिलना गोरखपूरला, अशफाकना फैजाबादला. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. हेही योगायोगच.

पण सगळ्या जुळलेल्या तारखा योगायोगाच्या नसतात. काही माणसांनी मुद्दाम जुळवलेल्या असतात. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. तिची आठवण राहावी म्हणून, घटना नोव्हेंबरात मंजूर झालेली असूनही, ती २६ जानेवारी १९५० पासून अमलात आणली. माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट निवडली ती १९४५ मध्ये त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती म्हणून. आणि कॅलेंडर बदलले की त्याच दिवसाची दुसरी बाजू दिसते. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, रमजानचा शेवटचा जुमा. तीन दिवसांनी ईद. स्वातंत्र्याची पहिली सकाळ आपल्या वडीलधाऱ्यांनी रोजा ठेवून पाहिली, हे इंग्रजी तारीख सांगत नाही, हिजरी तारीख सांगते.

शेवटी एक सावधगिरी. २८ मे हा अहमदनगरचा स्थापना दिन म्हणून पाळला जातो. २८ मे १४९० रोजी अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला, ती ही तारीख. शहर वसवायला सुरुवात झाली ती १४९४ मध्ये. म्हणजे तारीख लढाईची आणि उत्सव शहराचा. शिवाय ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने मोजली तर ६ जून येते. याच २८ मे रोजी १९६४ मध्ये, नगरच्या किल्ल्यात कैद भोगलेल्या नेहरूंवर दिल्लीत अंत्यसंस्कार झाले. ऐकायला हे किती जुळलेले वाटते! पण हे जुळणे कागदावरचेच आहे. इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना हेही सांगितले पाहिजे.

२०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या, जन्म ३१ मे १७२५. नाव बदलते तेव्हा जुन्या नावाबरोबर जुना इतिहासही गेला असे काहींना वाटते, काहींना तो जावा असेही वाटते. दोघेही चुकतात. फळ्यावर २८ मे आणि ३१ मे यांत तीनच दिवसांचे अंतर आहे, दोन्ही लिहायला पुरेशी जागा आहे.

वाचकांना विनंती एवढीच. आपापल्या गावच्या, तालुक्याच्या तारखा शोधा. दर्ग्यावरचा शिलालेख, मशिदीच्या बांधकामाचे साल, जुनी सनद, स्वातंत्र्यसैनिकांची यादी, जे मिळेल ते पडताळून पाहा आणि जवळच्या शाळेला द्या. शाळा मराठी असेल तर आधी तिला द्या. कुर्बान हुसेन यांचे नाव फक्त उर्दू शाळेच्या फळ्यावर राहिले तर ते अर्धेच लिहिले गेले असे मी समजतो.