उपदेशक कोठें घडतो?

धर्माचा उपदेश करणारा मनुष्य पाठशाळेंत घडतो कीं लोकांत, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढें उभा असतो. कीर्तनकाराला आख्यान गुरूपाशीं मिळतें. पण श्रोत्यांची नाडी त्यास देवळाच्या ओट्यावरच सांपडते. वऱ्हाडांतील ख्रिस्ती प्रचारकांच्या इतिहासाच्या आधारें या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईंत आले आणि १८३१ पासून अहमदनगर हें त्यांचें मोठें ठाणें झालें. वऱ्हाडची पाळी मागाहून आली. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. पुढें आगगाडी आली, कापसाच्या पेठा वाढल्या, आणि त्या वाटेनें मिशनेंहि आलीं. शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचें काम अकोला, अमरावती व खामगांव येथें चालू झालें होतें.

इतक्यांत १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. अलायन्सच्या अनाथगृहांत अकोल्यास मुलगे व खामगांवास मुली सांभाळल्या गेल्या. अशा अनाथगृहांत वाढलेल्यांतूनच मिशनांना पुढें शिक्षक आणि उपदेशक मिळत गेले. भाकरीच्या मोलानें धर्म विकत घेतला, असा आक्षेप यावर घेतला गेला. आक्षेप पोकळ नाहीं. कारण भुकेल्या मुलाला निवडीचें स्वातंत्र्य कोठलें? परंतु त्या मुलाला आपण आपल्या दारांत कां घेतलें नाहीं, हा उलट प्रश्नहि तितकाच खरा आहे.

मेळघाटाच्या बाजूला निराळा अनुभव दिसतो. कोरकू लोकांत काम करणाऱ्या मिशनमधील जॉन ड्रेक यांनीं १९०३ सालीं कोरकू भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांचा धर्म कोणास पटो वा न पटो, शिकवावयास आलेला मनुष्य आधीं शिकावयास बसला, ही गोष्ट माझ्यासारख्या शाळामास्तराला फार मोठी वाटते.

तरी एक अडचण उरलीच. उपदेशकाचा पगार परदेशांतून येई. मग तो गांवकऱ्यांचा कीं साहेबांचा? याचें उत्तर नारायण वामन टिळकांनीं आपल्या आयुष्यानें दिलें. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि नगरास राहून उपदेशकांचे वर्ग शिकविले. अभंगांतून व कीर्तनांतून त्यांनीं ख्रिस्ताला मराठी वेष दिला. अखेर १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ सालीं ते वारले. दरबार वाढविण्यास त्यांना अवधि मिळाला नाहीं. पण धर्मगुरु स्वतःच्या लोकांच्या भाकरीवर उभा राहिला पाहिजे, हा त्यांचा धडा स्पष्ट होता.

वऱ्हाडांतच यवतमाळ येथें १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. अनेक पंथांनीं मिळून चालविलेल्या या विद्यालयांत भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येत. सर्वांना समजावी म्हणून शिकविण्याची भाषा इंग्रजी ठेवावी लागली. त्यानें दृष्टि विशाल झाली, ग्रंथांचीं दारें उघडलीं, हा लाभ खराच. १९८३ सालीं ही संस्था पुण्यास गेली. मोठ्या शहरीं मोठ्या विद्यालयाची सोय अधिक, हें कोणीहि मान्य करील.

परंतु कपाशीच्या शेतांत वेचणी करणाऱ्या बाईच्या घरीं मरण आलें, तर तिचें सांत्वन इंग्रजी ग्रंथांतून होत नाहीं. तिला वऱ्हाडी बोलींतील चार शब्द हवे असतात, आणि ते बोलणारा तिच्या सुखदुःखाचा वांटेकरी असावा लागतो. विद्यालय विद्या देईल. हे चार शब्द मात्र गांवानेंच द्यावयाचे असतात. म्हणून विद्या घेतलेल्या उपदेशकानें पुनः गांवांत विद्यार्थी म्हणून यावें. हें ख्रिस्ती धर्मगुरूला जितकें लागू, तितकेंच आपल्या पुराणिकाला, मौलवीला, आणि खरें सांगावयाचें तर शाळामास्तरालाहि लागू आहे.