बाबांचे बूट

रामपायलीत चंदन नदीच्या रेतीत अनवाणी फुटबॉल खेळलेले आमचे बाबा १९५६ला नागपुरात कॉलेजच्या टीममध्ये होते. बुटांनी पाय सोलून निघायचे. पण १९५२ला हेलसिंकीत आपली टीम युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरली, तेव्हाच अनवाणी खेळाचे दिवस संपले होते.

ऐन सीझनमध्ये, १ नोव्हेंबरला, नागपूरची राजधानी गेली. टीममधली पोरं मुंबई राज्यात, आमचा बालाघाट भोपाळकडे. कोणीतरी बाबांना ‘परप्रांतीय’ म्हणालं. थट्टाच ती, पण लागली.

१ डिसेंबरला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, आपण ४-२ जिंकलो. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईकडून! बाबा म्हणायचे, "त्याले कोणी विचारलं का, कोणत्या राज्याचा तू?"

ते बूट अजून माळ्यावर आहेत. मला कधी बसलेच नाहीत.