देशाची मोटार की देशाचा चालक?

मोटारशर्यतीत देशादेशांचा सामना लावायचा झाला, तर नियम करणाऱ्यांपुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो हा, की देशाचा प्रतिनिधी नेमका कोणाला मानायचे. कुस्तीत हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे जिंकणारे शरीर आणि जिंकणारा माणूस एकच असतो. मोटारशर्यतीत मात्र यंत्र एका देशाचे, टायर दुसऱ्या देशाचे, चालक तिसऱ्या देशाचा आणि खर्च करणारा चौथ्याच देशाचा असू शकतो. या प्रश्नाला सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने दोन नियमावलींनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. पहिली गॉर्डन बेनेट करंडकाची, जी १८९९ मध्ये ठरली, आणि दुसरी ‘एवन ग्रां प्री’ या मालिकेची, जी २००५ मध्ये प्रत्यक्षात आली.

‘न्यूयॉर्क हेराल्ड’ या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट (धाकटे) पॅरिसमध्ये राहत असत. त्यांनी फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबला एक करंडक देऊ केला आणि त्यासाठी राष्ट्रीय मोटार क्लबांनी एकमेकांना आव्हान द्यावे, अशी योजना मांडली. बेनेट स्वतः शिडाच्या नौकांच्या शर्यतीत मुरलेले असल्याने या योजनेवर नौकास्पर्धांची छाप उघड दिसते : ज्या देशाकडे करंडक असेल त्याला इतरांनी आव्हान द्यायचे आणि पुढची शर्यत त्या विजेत्या देशाने भरवायची. प्रत्येक देशाला जास्तीत जास्त तीन मोटारी उतरवता येत. मोटारीचे वजन ४०० किलोंपेक्षा जास्त असावे, तिच्यात दोन माणसे शेजारी-शेजारी बसलेली असावीत, त्यांचे वजन प्रत्येकी ६० किलोंपेक्षा कमी भरल्यास तेवढे वजन वर ठेवून तूट भरून काढावी आणि शर्यतीचे अंतर ५५० ते ६५० किलोमीटर असावे, अशी कलमे त्यात होती. दुसरा माणूस म्हणजे वाटेत टायर बदलणारा, तेलपाणी पाहणारा मेकॅनिक. त्याच्या बसण्याची जागाही नियमात बांधून घेतल्यामुळे मोटार निदान मोटारीसारखी राहील, शर्यतीपुरते केलेले चाकांवरचे इंजिन होणार नाही, एवढा बंदोबस्त झाला.

या साऱ्यांत सर्वांत दूरगामी ठरलेले कलम असे होते, की मोटार आणि तिचा प्रत्येक भाग ती उतरवणाऱ्या देशातच तयार झालेला असला पाहिजे. चालकाबाबत अट होती ती क्लबच्या सदस्यत्वाची, राष्ट्रीयत्वाची नव्हे. म्हणजे नियमावलीच्या लेखी देश वसत होता तो लोखंडात, रबरात आणि कारखान्यात.

हे कलम किती काटेकोर होते, याचा प्रत्यय इंग्लंडच्या एस. एफ. एज यांना १९०१ मध्ये आला. त्यांची नॅपियर मोटार अवजड होती आणि ब्रिटिश टायर तो भार पेलेनात, म्हणून त्यांनी फ्रेंच टायर चढवले. त्याबरोबर चालक इंग्रज, चॅसिस इंग्रज, इंजिन इंग्रज असूनही ती मोटार करंडकासाठी अपात्र ठरली. पुढच्या वर्षी, १९०२ मध्ये, पॅरिस ते इन्सब्रुक या टप्प्यात फ्रान्सच्या रने द क्निफ यांची पॅनहार्ड बंद पडली आणि करंडकाच्या स्पर्धकांपैकी एकटे एज मुक्कामाला पोहोचले. १९०० मध्ये फर्नांद शारों यांनी आणि १९०१ मध्ये लेओन्स जिरार्दो यांनी पॅनहार्ड मोटारींतून करंडक फ्रान्सकडे ठेवला होता. तो आता ब्रिटनकडे गेला.

नियमानुसार १९०३ ची शर्यत ब्रिटनने भरवणे भाग होते आणि येथे खेळाचा कायदा व देशाचा कायदा समोरासमोर आले. ब्रिटनमध्ये त्या वेळी मोटारींना ताशी १२ मैलांची मर्यादा होती, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास परवानगी नव्हती. अखेर आयर्लंडपुरता वेगळा कायदा संसदेकडून मंजूर करून घ्यावा लागला आणि किल्डेअर परगण्यातील अथाय गावाभोवतीचा, दोन वळसे मिळून इंग्रजी आठाचा आकार होणारा मार्ग निवडण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस–माद्रिद शर्यतीत मार्सेल रेनो यांच्यासह अनेकांचे बळी गेल्याने ती बोर्दो येथे थांबवावी लागली होती. त्यामुळे गावामागून गाव ओलांडत जाणाऱ्या शर्यतीऐवजी बंद केलेल्या रस्त्यावरचे फेरे ही आयर्लंडची पद्धत हितावह असल्याचे पुढे सर्वांनीच मान्य केले.

देशांना रंग वाटून देण्याची प्रथाही याच करंडकाने रूढ केली. फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा आणि अमेरिकेला तांबडा रंग मिळाला. ब्रिटनच्या वाट्याला हिरवा आला आणि तो यजमान आयर्लंडच्या सन्मानार्थ होता, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आज तांबडा म्हटला की इटली आठवते, पण तो मान इटलीकडे नंतर गेला. हे रंग चालकाच्या पोशाखाला नव्हते, मोटारीला होते, ही बाबही नियमावलीच्या मूळ विचाराशी जुळणारीच म्हटली पाहिजे.

२ जुलै १९०३ रोजी अथायला जिंकली ती जर्मनीची पांढरी मर्सिडीज. शर्यतीसाठी खास बांधलेल्या ९० अश्वशक्तीच्या मोटारी जूनमध्ये कान्श्टाट येथील कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेल्या होत्या, म्हणून कंपनीने ६० अश्वशक्तीच्या मोटारी गोळा केल्या, त्यांतली विजयी मोटार तर क्लॅरेन्स ग्रे डिन्समोर या अमेरिकन ग्राहकाकडून मागून आणलेली होती. ती हाकणारे कामिय जेनात्झी बेल्जियन होते. त्यांचे दोन साथीदार, बॅरन द कातेर्स आणि फॉक्सहॉल कीन, अनुक्रमे बेल्जियन आणि अमेरिकन होते. जर्मनीच्या संघात एकही जर्मन चालक नव्हता, मालक अमेरिकन होता, तरीही करंडक निर्विवादपणे जर्मनीला मिळाला, आणि नियमावलीच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते.

वाद पेटला तो तीन मोटारींच्या मर्यादेवरून. फ्रान्समध्ये मोटार बांधणारे कारखाने इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते आणि त्यांनाही तीनच जागा होत्या. १९०४ मध्ये त्या तीन जागांसाठी तेथे निवडशर्यत घ्यावी लागली, तिच्यात २९ मोटारी होत्या. उलट मर्सिडीजने ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथील आपल्या कारखान्यात बांधलेल्या मोटारी ऑस्ट्रियाच्या नावावर उतरवून स्वतःच्या जागा दुप्पट केल्या. ‘देशात बनलेली मोटार’ या शब्दांचे तंतोतंत पालन झाले होते, तक्रारीला जागा नव्हती. पण ज्या कारखानदारांच्या बळावर करंडक चालत होता त्यांना हा व्यवहार रुचला नाही, हे समजण्यासारखे आहे. लेओन तेरी यांनी रिशार-ब्राझिए मोटारीतून १९०४ मध्ये जर्मनीतील टाउनुस येथे आणि १९०५ मध्ये फ्रान्समधील ओव्हेर्न्य येथे विजय मिळवून करंडक पुन्हा फ्रान्सला आणला. पुढची शर्यत भरवण्याचा हक्क हाती येताच फ्रेंच क्लबने करंडकच बाजूला ठेवला आणि जून १९०६ मध्ये ल मां येथे ‘ग्रां प्री’ भरवली, जीत तीन मोटारींची मर्यादा देशाला न लावता कारखान्याला लावली होती. मोटारशर्यतीच्या नियमांतून देश हा घटक येथे हद्दपार झाला. रंग तेवढे १९६८ च्या सुमारास जाहिरातदारांचे रंग येईपर्यंत टिकले.

देशाला पुन्हा केंद्रस्थानी आणले ते दुबईच्या शेख मक्तूम हाशर मक्तूम अल मक्तूम यांनी. त्यांच्या एवन ग्रां प्रीची पहिली शर्यत सप्टेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे झाली. येथे नियम नेमका उलटा होता : सर्व संघांना लोला कंपनीची सारखीच चॅसिस, झायटेकचे सारखेच ३.४ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि सारखेच टायर. फरक तो फक्त चालकाचा, आणि चालकाकडे त्या देशाचे पारपत्र असणे बंधनकारक. दर स्पर्धेत आधी छोटी ‘स्प्रिंट’ आणि मग मोठी ‘फीचर’ शर्यत होई. स्प्रिंटची सुरुवात धावत्या मोटारींनी, तर फीचरची थांबलेल्या मोटारींनी होई आणि फीचरमध्ये टायर बदलण्यासाठी पिटमध्ये थांबणे सक्तीचे होते. ठरावीक वेळाच दाबता येणाऱ्या एका बटणाने इंजिनाला क्षणभर जादा शक्ती मिळे; ती कुठे खर्चायची, हे चालकाने ठरवायचे.

गुण चालकाच्या नावावर न जाता देशाच्या खात्यात जात, म्हणून संघाला मोसमात चालक बदलता येत. फ्रान्सने पहिले विजेतेपद मिळवले ते आलेक्सांद्र प्रेमा आणि निकोला लापिएर या दोघांच्या गुणांच्या बेरजेवर. भारताच्या संघात अरमान इब्राहिम, करुण चंडोक आणि नारायण कार्तिकेयन यांनी वेगवेगळ्या वेळी मोटार चालवली. कार्तिकेयन यांनी डिसेंबर २००७ मध्ये चीनमधील झुहाई येथे आणि मे २००८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे फीचर शर्यत जिंकली. भारतात बनलेल्या यंत्राची अट असती, तर हे दोन विजय संभवलेच नसते. मात्र समानतेच्या या नियमावलीतही एक पोकळी होती. संघ राष्ट्रीय क्लबांचे नव्हते, तर देशाच्या नावाचा हक्क विकत घेतलेल्या खासगी मालकांचे होते, आणि सगळ्या मोटारी पुरवणारी यंत्रणा एकाच कंपनीच्या हाती होती. ती कंपनी आर्थिक अडचणीत येताच ऑक्टोबर २००९ ची ऑस्ट्रेलियातील सर्फर्स पॅराडाइज येथील शर्यत मोटारींअभावी रद्द झाली आणि मालिका तेथेच संपली.

पारपत्राचा निकष मात्र टिकून राहिला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने नोव्हेंबर २०१९ मध्ये रोमजवळच्या व्हालेलुंगा येथे देशवार ‘मोटरस्पोर्ट गेम्स’ भरवले, तेव्हा जीटी मोटारींचे सुवर्णपदक जपानला मिळाले. त्या जपानी चालकांची मोटार लॅम्बोर्गिनी होती, आणि बेनेट यांच्या नियमानुसार तो विजय इटलीच्या नावावर लागला असता.