रुळांवाचून घाट चढणारं इंजिन

खोपोलीला उतरा, पुढे रूळच नाहीत. साल १८५८, वैशाखाचं ऊन. मुंबईहून निघालेली आगगाडी दोन वर्षांपूर्वी इथवर पोचली आणि घाटाच्या पायथ्याशी अडली. साहेब लोक पालखीत बसतात, कुणी तट्टू ठरवतो, कुणी बैलगाडी. तुम्ही नाना फडणविसांच्या तळ्यावर पाणी पिऊन पायीच निघा.

वर खंडाळा ते पुणे रूळ टाकून होत आले आहेत. १४ जूनला त्यांच्यावरून गाडी सुटायची आहे. गाडीला इंजिन हवं, ते विलायतेहून बोटीने मुंबईत येतं, आणि मधल्या घाटात रूळ पडायला अजून पाच वर्षं आहेत. म्हणजे इंजिनाने रस्त्यानेच वर जायचं.

तिसऱ्या वळणावर तुम्ही त्याला गाठता. आधी बैलच बैल दिसतात, जुवामागे जू, वळणाआड गेलेले. मग दोरखंडाला लोंबकळल्यासारखी माणसं. त्यांच्यामागे लोखंडाचं धूड. धूर नाही, शिट्टी नाही. उद्या शेकडो माणसं ओढायची ज्याने, ते आज नुसतं ओझं! बैल दम घ्यायला थांबले की दोन पोरं लाकडी उटी घेऊन चाकांमागे धावतात. त्यांच्याकडे नीट बघा, कारण उटी निसटली तर इंजिन बैलांसकट दरीत जाईल. रेल्वेच्या इतिहासात गव्हर्नरांची, इंजिनिअरांची, ठेकेदारांची नावं सापडतात, या पोरांची नाही.

पुढे मोरी आहे. इथे मुकादमाचा चेहरा उतरतो. हा रस्ता मुंबईचा गव्हर्नर माल्कमसाहेब याच्या कारकिर्दीत, १८३० साली खुला झाला, तो बैलगाड्यांच्या हिशेबाने. गाड्या शंभर आल्या तरी एकामागून एक येतात. इंजिनाचा सगळा भार मात्र एकाच वेळी मोरीच्या कमानीवर चढणार. भार कमानीच्या दोन्ही अंगांना सारखा पडला तर दगड एकमेकांना आवळून धरतात. एकाच बाजूला एकदम पडला तर दुसरी बाजू वर उचलली जाते, सांधे उघडतात. म्हणून सावकाश जायचं, हिसका द्यायचा नाही, आणि मोरीवर थांबायचं तर मुळीच नाही. तुम्ही बाजूला व्हा. खाली कोरड्या ओढ्यात चुन्याची भुकटी झरते, मुकादम ओरडतो, बैलांच्या माना खाली जातात आणि चाकं पलीकडच्या मातीला लागतात. आता कुठे लोक बोलू लागतात.

परत येताना थोडं पुढच्या सालांतून या. १८६१च्या जानेवारीत याच डोंगरात सुमारे ४२,००० मजूर काम करत होते. २१ एप्रिल १८६३ला घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि इंजिनं आपल्या वाफेवर चढू लागली. चारच वर्षांत, १८६७च्या जुलैत, त्या मार्गावरचा एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘म्हाउ-के-मल्ली’ असं लिहिलेलं आहे. पूल पडला की लोक आधी वरून जाणाऱ्या ओझ्याकडे बोट दाखवतात. इथे दगडकामच कच्चं निघालं, आणि पूल पुन्हा बांधावा लागला.