संत्र्यांखालची रोकड

माझी हयात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, म्हणून १८ एप्रिल १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप मी तिजोऱ्यांच्या अंगाने वाचतो. भूकंपामागून आलेल्या आगीत इमारती गेल्या, पोलादी तिजोऱ्या राहिल्या. पण आत इतकी धग, की दार उघडताच हवा लागून नोटा पेटल्या असत्या. बँका तिजोऱ्या निवण्याची वाट बघत बसल्या. ए. पी. जियानिनींची ‘बँक ऑफ इटली’ जेमतेम दीड वर्षांची. त्यांनी आग पोचण्याआधीच सोनं-रोकड भाजीच्या घोडागाडीत, संत्र्यांच्या पेट्यांखाली दडवून सॅन मॅटिओच्या घरी नेली. मग धक्क्यावर पिंपांवर फळी टाकून कर्जवाटप! तारण काय, तर ओळखीचा चेहरा आणि सही. आमच्या तपासणी अधिकाऱ्याने शेरे मारून वही भरली असती.