माठाची टिचकी आणि दाताचा स्क्रू

बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर तडा गेलेला. मंडळी, जबड्यातला टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे डेंटल इम्प्लांट, घट्ट बसला की नाही हे दंतवैद्यही बरीच वर्षे असेच ओळखत. हत्याराच्या मुठीने हलके ठोकायचे आणि कान द्यायचा!

मूळ शोध स्वीडनचा. १९५२ साली ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण निघता निघेना, कारण हाड धातूला धरून वाढले होते. १९६५ साली येस्टा लार्सन या गृहस्थांना त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते टिकले.

पण टिकेल की नाही याचा अंदाज आधी कसा घ्यायचा? इथे इंग्लंडचे इंजिनियर मदतीला आले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले पीटर कॉली आणि डेव्हिड अ‍ॅलेन यांचा विषय वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याचा. नील मेरेडिथ या दंतवैद्यांनी त्यांच्याबरोबर १९९६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. स्क्रूवर छोटी पट्टी बसवायची, तिला कंप द्यायचा आणि ती कोणत्या वारंवारतेला सर्वांत जोराने थरथरते ते मोजायचे. पकड जितकी ताठ, तितकी वारंवारता जास्त. टिचकीच, पण आकड्यात! पुढे यातूनच १ ते १०० अशी आयएसक्यू ही मोजपट्टी आली.

मात्र घट्ट म्हणजे निरोगी नव्हे. हे मी स्वतःच्या दातावरून शिकलो.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेत इम्प्लांट सहसा मिळत नाही. कर्करोग, अपघात अशी कारणे लागतात. खासगीत खर्च फार, म्हणून मी भारतवारीत बसवून घेतले. तीन वर्षांनी इथल्या डेंटिस्टबाईंनी विचारले, "कोणत्या कंपनीचे? पहिला एक्स-रे कुठे आहे?" माझ्याकडे फक्त बिल! स्क्रू पक्का होता, पण त्याच्या वरच्या टोकाशी हाड थोडे झिजलेले दिसत होते. पहिल्या वर्षी थोडी झीज होतेच. त्यानंतर ती वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी, असा निकष १९८६ साली अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी मांडला होता. माझी झीज थांबली होती की चालूच होती? ताडून बघायला जुना एक्स-रेच नव्हता. हिरडी सुजून हाड झिजत गेले तरी खालच्या हाडाच्या पकडीवर स्क्रू बराच काळ हलत नाही. हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढला. फरक नव्हता. जीव भांड्यात पडला, पण ते वर्षभर जीभ सारखी त्याच दाताकडे जायची.

असो. तुम्ही किंवा घरचे कुणी इम्प्लांट बसवणार असाल, तर कंपनीचे नाव, स्क्रूचे माप, मोजला असेल तर आयएसक्यू आणि दात चढवल्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या. आणि तो कागद बिलापेक्षा जपून ठेवा.